डोंगराचे, नदीचे, चुलीचे मालक: तुर्की लोकांचे 'इये'

रात्री गरम पाणी अंगणात ओतायचं असेल तर तुर्कस्तानातल्या जुन्या वळणाच्या बायका आधी "देस्तूर" म्हणतात आणि मगच पातेलं कलंडतात. देस्तूर म्हणजे परवानगी असावी हो. शब्द मूळ फारसी, आपल्याकडेही तोच आलाय, दस्तूर, दस्तुरखुद्द वगैरे, फक्त इथे येईपर्यंत अर्थ जरा सरकला. आता परवानगी कोणाची, तर तिथे जे कोणी राहतं त्याची. दिसत नाही म्हणजे नाही असं थोडंच असतं, आणि अंगावर उकळतं पाणी पडलं तर कोणीही चिडेल. त्या बाईला विचाराल तर ती म्हणेल जिन असतात, कारण मधे कित्येक शतकांचा इस्लाम आहे, पण बऱ्याच अभ्यासकांना या सवयीच्या खाली एक जुना थर दिसतो, आणि तो थर म्हणजेच आजचा विषय. कुठलीही जागा रिकामी नसते, तिला आधीपासून कोणीतरी मालक असतो, हा तो विचार.

आधी एक गोंधळ मिटवून टाकू. तुर्की म्हटलं की आपल्याला इस्तंबूल आठवतं, पण इथे तुर्की म्हणजे भाषांचं एक भलंमोठं कुटुंब. तुर्कस्तानातले तुर्क हे त्याचं पश्चिमेकडचं एक टोक, मग व्होल्गा नदीच्या काठचे तातार आणि बश्कीर, मधल्या गवताळ पट्ट्यात कझाक आणि किरगिझ, पुढे दक्षिण सायबेरियाच्या डोंगरांत अल्ताई, शोर, खाकास, तुवा हे लोक, आणि पार ईशान्येला लेना नदीच्या खोऱ्यात साखा, ज्यांना आपण पुस्तकात याकुत म्हणून वाचलेलं असतं, तिथे हिवाळ्यात पारा उणे ५० च्याही खाली जातो. एवढ्या पसाऱ्यात धर्म वेगळे, जेवण वेगळं, हवामान तर विचारूच नका, पण एक शब्द थोडाथोडा रूप बदलत सगळीकडे सापडतो. तुर्कस्तानातला शब्द इये, तातार म्हणतात इया, बश्कीर एये, अल्ताई आणि तुवा 'ए' लांबवून म्हणतात, साखा म्हणतात इच्ची. आठव्या शतकातल्या जुन्या तुर्कीत तो इदी होता. अर्थ साधा आहे, मालक, धनी. घोड्याचा मालक, घराचा मालक, तोच शब्द. अल्ताई भाषेत त्याला 'त्याचा' हा प्रत्यय लागला की एझी होतं, म्हणजे सू एझी हा पाण्याचा मालक, आणि अख्ख्या मुलखाचा तो अल्ताईदिंग एझी, अल्ताईचा धनी.

या शब्दाचं भाषांतर बहुतेक ठिकाणी 'आत्मा' किंवा 'देवता' असं केलेलं असतं आणि तिथेच गाडी घसरते असं माझं मत आहे. देव म्हटला की आपण पूजा, नवस, मूर्ती असं सगळं डोक्यात आणतो. इथे नातं वेगळं आहे, पाहुणा आणि यजमानाचं. तुम्ही दुसऱ्याच्या घरात शिरताय, तर हाक मारा, काहीतरी हातात घेऊन या, आरडाओरडा करू नका, लागेल तेवढंच घ्या, जाताना सांगून जा. बस. कोकण-गोव्यातल्या माणसाला हे फार समजावावं लागणार नाही, राखणदार म्हटलं की अर्धं काम झालं. पण एक फरक आहे आणि तो मोठा आहे. राखणदार राखतो. इये राखतो तर खराच, पण मुळात ते सगळं त्याच्या मालकीचं असतं. जंगलातलं हरीण हे तिथल्या मालकाचं गुरं आहे, तुमच्या गोठ्यात जशी गाय तसं त्याच्या डोंगरात हरीण. त्यामुळे शिकारी हरीण मारत नाही, त्याला ते 'दिलं' जातं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या सगळ्या चमत्कारिक वाटणाऱ्या रिती आपोआप सरळ दिसायला लागतात.

हे किती जुनं, तर आपल्याकडे लेखी पुरावा आहे. मंगोलियात ओर्खोन नदीच्या खोऱ्यात मोठे दगडी शिलालेख आहेत, क्युल तेगिनचा ७३२ सालचा, त्याचा भाऊ बिल्गे खागान याचा ७३५ चा. शेकडो वर्षं ती लिपी कोणाला वाचता येत नव्हती, १८९३ मध्ये विल्हेल्म थॉमसन या डॅनिश माणसाने ती उलगडली. त्यात राजा सांगतो की तुर्क लोक नष्ट होऊ नयेत म्हणून वरती तेंग्रीने, म्हणजे आकाशाने, आणि खाली 'इदुक येर-सुब' ने ठरवलं. येर म्हणजे जमीन, सुब म्हणजे पाणी, इदुक म्हणजे पवित्र. गंमत बघा, राज्य कोणी वाचवलं तर आकाश आणि जमीन-पाणी यांनी मिळून, म्हणजे राजकारणात सुद्धा मुलखाचं मत धरलेलं आहे. बायकांची आणि बाळांची राखण करणारी उमायसुद्धा त्याच लेखांत येते. या जमीन-पाण्याचे पुढे सुटे सुटे मालक कसे होतात ते शिलालेखात नाही मिळत, ते लोकांच्या तोंडून मिळतं.

आणि तोंडून मिळालेल्यात माझी सगळ्यात आवडती गोष्ट ही आहे. अल्ताई, शोर, खाकास हे लोक महिनोन् महिने तैगाच्या जंगलात शिकारीला जायचे तेव्हा टोळीत एक माणूस असा घ्यायचे ज्याने बंदूक हातात नाही धरली तरी चालेल. त्याला म्हणतात कायची. काय म्हणजे घशातून काढलेला तो खर्जातला, घोगरा, अंगावर काटा आणणारा आवाज, आणि त्या आवाजात, दोन तारांचं तोपशूर वाजवत, हा माणूस रात्र रात्र वीरांच्या कथा गायचा. शिकारीतला वाटा त्याला इतरांइतकाच. का, तर डोंगराच्या मालकांना गोष्टी ऐकायचं भयंकर वेड. ते शेकोटीभोवती येऊन बसतात, ऐकतात, खूश होतात आणि सकाळी आपल्या गुरांपैकी काही शिकाऱ्यांना देऊन टाकतात. म्हणजे कायची हाच खरा शिकारी, असंही म्हणता येईल. म्हणून गोष्ट मधे तोडायची नाही, प्रसंग गाळायचे नाहीत, कंटाळा आला म्हणून उरकायची तर अजिबातच नाही.

तर एकदा असं झालं, सांगणारे तपशील बदलतात पण गाभा हाच. कायची गातोय, शिकारी ऐकतायत, आणि त्यांच्यात एकजण असा आहे ज्याला न दिसणारं दिसतं. त्याला दिसतंय की मालक मंडळी जमलीयेत, गर्दी एवढी की कोणी कायचीच्या खांद्यावर, कोणी गुडघ्यावर, कोणी वाद्यावर बसलंय. एक बाई उशिरा आली, तिला जागाच नाही, ती गेली आणि सरळ कायचीच्या नाकावर चढून बसली आणि घसरून पडली. या माणसाला हसू आवरेना, तो फस्सकन हसला. कायचीला वाटलं हा माझ्या गाण्याला हसतोय, त्याने तोपशूर खाली ठेवलं, झालं, गोष्ट तुटली. मालक मंडळी त्या बाईवर भडकली की तुझ्यामुळे आमची करमणूक गेली, आता भरपाई म्हणून तुझं जनावर दे यांना. दुसऱ्या दिवशी शिकाऱ्यांना बरोबर तिचंच जनावर मिळालं. मला यात आवडतं ते हे की देव म्हणून कोणी भव्यदिव्य नाहीये, उशिरा येऊन जागा शोधणारी, धडपडणारी, आपसात भांडणारी माणसंच आहेत ती, फक्त जंगल त्यांच्या नावावर आहे.

वर उत्तरेला साखा लोकांत जंगलाचा मालक बायानाय. त्याच्या नावातच बाय आहे, म्हणजे श्रीमंत. शिकारी जंगलात पोचला की आधी शेकोटी पेटवतो, तिला काहीतरी खायला घालतो, लोणी, घोटभर दारू, छोटे पॅनकेक, आणि बायानायला सांगतो की आलोय. जंगलात बढाई मारायची नाही, मला आज अमुक मिळणारच असं बोलायचं नाही, जनावराचं खरं नाव मोठ्याने घ्यायचं नाही. अस्वलाला साखा भाषेत शब्द आहे एहे, आणि एहे म्हणजे आजोबा! नाव घ्यायचं टाळता टाळता आजोबा हाच अस्वलाचा शब्द होऊन बसला. आपल्याकडे रात्री सापाला लांबडं म्हणतात त्याच जातीची ही गोष्ट. नद्या आणि मोठी तळी म्हणजे एबे, आजी. लेना नदी ही एबे, गावाचं तळंही एबे. हिवाळ्याच्या तोंडाला तळी गोठली की गावकरी मिळून बर्फाला भोकं पाडून खालून एक लांबलचक जाळं ओढतात, याला मुंखा म्हणतात, त्याआधी कोणीतरी जाणता माणूस आगीला खायला घालतो आणि आजीकडे मागणं मागतो की तुझ्या ताटातलं थोडं दे. निघालेले मासे सगळ्यांत सारखे वाटले जातात, जे म्हातारे जाळं ओढू शकले नाहीत त्यांनाही. आजीने दिलंय ना, मग तिने काय एकाच नातवाला दिलं असणार?

साखांमध्ये आणखी एक गोष्ट आहे जी बाकीच्यांत इतकी ठळक नाही, वस्तूंनाही इच्ची असते. चांगल्या लोहाराने केलेली सुरी, खूप वर्षं वापरलेलं भांडं, यात इच्ची येते. रस्त्यालाही असते, म्हणून आजही लांबच्या प्रवासाला निघालेले ड्रायव्हर वाटेत ठरलेल्या झाडापाशी गाडी थांबवून नाणं, सिगारेट, पॅनकेक असं काहीतरी ठेवतात. आणि सबंध भूमीची मालकीण आहे आन अलाखचिन खोतून, ती एका प्रचंड पवित्र झाडात राहते. हा खोतून शब्द नीट बघा. खातून! आपल्याकडे मुसलमान बायकांच्या नावात येतो तोच हा शब्द, मूळचा मध्य आशियातला, अर्थ राणी, बाईसाहेब. अल्ताईतली सगळ्यात मोठी नदी आहे कातुन, तीही खातूनच. हा शब्द शेवटी परत एकदा येणार आहे, लक्षात ठेवा.

आता आग. डोंगर-नदी लांब असतात, पण आग घरात असते, त्यामुळे रोजचा संबंध येतो तो आगीच्या मालकाशी. अल्ताईत ती ओत-एने, अग्नीमाय. साखांमध्ये तो पांढऱ्या केसांचा म्हातारा. आगीत थुंकायचं नाही, कचरा टाकायचा नाही, सुरीचं टोक तिच्याकडे करायचं नाही, ओलांडायचं तर नाहीच, आणि सकाळच्या चहाचा आणि जेवणाचा पहिला घास तिचा. इथे मला चित्राहुती आठवली, तुम्हालाही आठवली असेल, पण तेवढ्यावरून हे आपल्याकडूनच गेलं असले व्हॉट्सॲपी निष्कर्ष कृपया काढू नका, चूल असलेला जवळपास प्रत्येक समाज चुलीशी असा वागलाय. तुर्कांच्या बाबतीत बाहेरच्या माणसाची साक्षही आहे. झेमार्कस नावाचा बायझंटाइन वकील ५६८-५६९ च्या सुमारास पश्चिमेकडच्या तुर्कांच्या राजाला भेटायला निघाला, तर त्याला आणि त्याच्या सामानाला आधी धूप-घंटा करून, आगीजवळून नेऊन शुद्ध केलं आणि मग पुढे सोडलं. अल्ताईत आजही डोंगरातल्या जुनिपरच्या वाळक्या फांद्यांचा, त्याला अर्चिन म्हणतात, धूर करून घर शुद्ध करतात, आणि ते अर्चिन तोडतानाही विचारून तोडायचं, ओरबाडायचं नाही.

व्होल्गाकाठी गेलात की चित्र बदलतं. तिथले तातार शेतकरी, गावात राहणारे, इस्लाम तिथे दहाव्या शतकात पोचलेला, त्यामुळे मालक मंडळीही जंगलातून घराच्या आसपास येऊन राहिल्यासारखी वाटतात. घराचा मालक ओय इयासे, तो रात्री खुडबूड करतो. गोठ्याचा मालक अबझार इयासे, त्याला एखादा घोडा आवडला की तो रात्री त्याच्या आयाळीच्या वेण्या घालतो, आणि नावडता असला की त्याला रात्रभर पळवून घामाघूम करून सोडतो, सकाळी घोडा थकलेला दिसला की समजायचं काय झालं ते. पाण्यात सू आनासी, पाण्याची आई, सोन्याच्या फणीने केस विंचरत बसलेली. कोणी ती फणी पळवली तर ती रात्री खिडकीशी येऊन मागते, देईपर्यंत जात नाही. तातारांचा लाडका कवी गब्दुल्ला तुकाय याने १९०८ मध्ये यावर कविता केली आणि त्याच्या आदल्या वर्षी शुरालेवर.

शुराले हा जंगलातला, लांब लांब बोटांचा, तो माणसाला गुदगुल्या करून मारतो, बिचारा भयंकर आहे आणि थोडा बावळटही. लाकूडतोड्याने त्याला सांगितलं की ओंडका उचलू लाग, बोटं त्या फटीत घाल, आणि पाचर काढून घेतली, बोटं अडकली. त्याआधी त्याने आपलं नाव सांगितलेलं असतं, गेल्यावर्षी. आता शुराले बोंबलतोय, "गेल्यावर्षीने माझी बोटं चिरडली!" आणि बाकीचे शुराले म्हणतायत, अरे मग आज का रडतोस? शुरालेला काटेकोरपणे मालक म्हणावं का हा प्रश्नच आहे, तो जंगल चालवत नाही, नुसता राहतो, पण गोष्ट इतकी छान आहे की सोडवली नाही.

यावरून एक सूचना. इंटरनेटवर तुर्की देवतांच्या लांबलचक याद्या फिरतात, अमुक इयेसी, तमुक इयेसी, वाऱ्याचा, विहिरीचा, चिखलाचा, प्रत्येकाला खाते वाटून दिल्यासारखं मंत्रिमंडळ. त्यात तातारांचं एक, साखांचं एक, आणि काही तर अलीकडच्या लेखकांनी नियम लावून स्वतः तयार केलेले, सगळं एकाच पोत्यात. प्रत्यक्षात असं एकसंध दैवतमंडळ कुठल्याच एका गावात कधी नव्हतं. तुमच्या खोऱ्यातल्या माणसाला तुमच्या डोंगराचा मालक माहीत, पलीकडच्या खोऱ्याचा वेगळा, आणि दोघांचं एकमेकांशी पटतही नसेल. हे सगळं जागेला चिकटलेलं आहे, जागा उचलून यादीत टाकली की त्यातला जीवच जातो.

वरून धर्म येत गेले आणि मालक त्याखाली राहिलेच. तुव्यात बौद्ध धर्म आला, तर खिंडीतल्या दगडांच्या राशींपाशी, ज्यांना ओवा म्हणतात, लामा येऊन मंत्र म्हणायला लागले, राशी त्याच. तिथे बायका लाकडी पळीने दुधाचा चहा आकाशाकडे शिंपडतात, त्या पळीला तोस-कारक म्हणतात, नऊ डोळे, कारण तिच्यात नऊ खळगे कोरलेले असतात. अल्ताईत १९०४ साली बुर्खानवाद म्हणून चळवळ उठली, त्यांनी सांगितलं की घोड्यांचे बळी बंद, रक्त नको, दूध शिंपडा, अर्चिन जाळा. मग सोव्हिएत काळ आला, १९३० च्या दशकात शामानांची, म्हणजे डफ वाजवत न दिसणाऱ्यांशी बोलणाऱ्या जाणत्यांची, धरपकड झाली, डफ जप्त झाले. पण एक साधी गोष्ट आहे, शामान पकडता येतो, सकाळी चहाचा पहिला थेंब आगीत टाकणारी म्हातारी कशी पकडणार.

आज हे सगळं सगळ्यात उघडपणे दिसतं ते अल्ताईतल्या खिंडींमध्ये. चुया महामार्गावर १७१७ मीटर उंचीवरची सेमिन्स्की खिंड लागते, अशा जागी झाडांना कापडाच्या पट्ट्या बांधलेल्या असतात, त्यांना म्हणतात जालामा. त्याचे नियम आहेत, कापड नवं पाहिजे, चंद्र वाढता पाहिजे, मनात मागणं नाही तर आधी आभार पाहिजेत. टुरिस्ट लोकांना हे माहीत नसतं किंवा माहीत करून घ्यायचं नसतं, ते मोजे, प्लास्टिकच्या पिशव्या, ओले टिशू असं काहीही बांधतात, फांद्या आवळल्या जाऊन झाडं वाळतात आणि स्थानिक लोक वैतागून ते सोडवत बसतात. पाहुणा म्हणून आलात आणि यजमानाच्या अंगणात मोजे वाळत घालून गेलात, असाच तो प्रकार. बेलुखा शिखर, साधारण ४५०० मीटर, अल्ताई लोक त्याला उच-सुमेर म्हणतात, तिथेही हाच वाद. १९१४ मध्ये त्रोनोव्ह भाऊ पहिल्यांदा वर पोचले, तेव्हापासून गिर्यारोहकांची रांग आहे, आणि जुन्या विचाराच्या अल्ताई माणसाला मात्र मालकाच्या डोक्यावर पाय देऊन फोटो काढण्यात काय पराक्रम आहे ते कळत नाही.

आणि उकोकचं पठार. रशियाची आणि चीनची एक छोटीशी हद्द तिथे भिडते, म्हणून थेट चीनला गॅस पाइपलाइन न्यायची तर ती इथूनच, असा प्रस्ताव २००६ मध्ये आला आणि अल्ताई लोकांनी विरोध केला, ही जागा आमच्यासाठी पवित्र आहे म्हणून. त्याच पठारावर १९९३ मध्ये नताल्या पोलोस्माक या पुरातत्त्वज्ञ बाईंना बर्फात गोठलेल्या थडग्यात एका तरुण स्त्रीचं शव मिळालं होतं, अंगावर गोंदण, डोक्यावर उंच टोप, वय सुमारे अडीच हजार वर्षं. म्हणजे ती तुर्कांच्या कितीतरी आधीची, पाझिरीक संस्कृतीतली. तिला नोवोसिबिर्स्कला नेलं. २००३ च्या सप्टेंबरात अल्ताईत ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला, बेल्तिर गाव उद्ध्वस्त झालं, आणि लोक म्हणाले की पाताळाच्या दाराशी राखणीला बसलेलीला तुम्ही उचलून नेलं, दुसरं काय होणार. शास्त्रज्ञ सांगत राहिले की तिचा आणि तुमचा वंश एक नाही, आणि अल्ताई लोकांना तो मुद्दाच कळेना, कारण मालकी वंशाने येत नाही ना इथे, जागेने येते. तिला ते अक-कादिन म्हणतात, कादिन म्हणजे तोच शब्द, पांढरी खातून. २०१२ मध्ये तिला गोर्नो-अल्ताइस्कच्या म्युझियममध्ये परत आणलं, खास दालन बांधून. २०१४ मध्ये मोठा पूर आला तेव्हा वडीलधाऱ्यांच्या सभेने ठराव केला की म्युझियम नको, तिला परत पठारावर पुरा. तो ठराव अमलात आला नाही, ती अजून काचेखालीच आहे.